वरून हुकूम, खाली काम
मंगळ आणि पृथ्वी यांच्यात रेडिओ संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथल्या यंत्रमानवाला ‘दगड उचल’ सांगून तो उचलला का, हे कळेपर्यंत कधीकधी जवळजवळ पाऊण तास जातो. हुकूम देणारा अंतराळवीर मंगळाभोवतीच्या कक्षेत असेल तर हा वेळ क्षणांवर येतो, आणि उतरण्याचा जीवघेणा धोकाही टळतो.

याची तालीम पृथ्वीवरच झाली आहे. जर्मन अंतराळ संस्थेची म्युनिकजवळच्या ओबरफाफनहोफेनमधली प्रयोगशाळा हा ‘मंगळ’, आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ही ‘कक्षा’. ऑगस्ट २०१७मध्ये अंतराळवीर पाओलो नेस्पोली यांनी स्थानकावरून टॅब्लेटवर ‘जस्टिन’ या यंत्रमानवाला कामं सांगितली. जुलै २०२५मध्ये अंतराळवीर जॉनी किम यांच्या हाताखाली चार यंत्रमानव होते: जस्टिन, ‘इंटरॅक्ट’ रोव्हर, आणि ‘बर्ट’ व ‘स्पॉट’ हे चार पायांचे.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती कामाची वाटणी. ‘ती वस्तू आण’ एवढंच माणूस सांगतो. पाऊल कुठे टाकायचं, हात कसा वळवायचा, ते यंत्र ठरवतं. अडलंच, तर माणूस जोर परत जाणवून देणारी मूठ हाती घेतो. पकडीवर पडणारा जोर तेव्हा त्याच्या बोटांनाही जाणवतो.