आहेराची वही आणि मदतीची वही

तिजारतीला भांडवल लागते, माल लागतो आणि माणसे लागतात. पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब दुकानदार रोज रात्री गल्ला मोजताना करतो. तिसऱ्या गोष्टीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. आपल्याभोवतीच्या माणसांपैकी अडचणीच्या दिवशी उभी राहणारी किती आणि केवळ मांडवात हजेरी मागणारी किती, हे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. आम्ही आज ते विचारणार आहोत, कारण छोट्या व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे भांडवल कोठे झिरपते याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

आमच्या उरणचेच उदाहरण घ्या. हे मिठागरांचे, भातशेतीचे आणि मासळीचे गाव. मुंबईशी संबंध मोऱ्याच्या लाँचचा, आणि मोठी ओहोटी लागली की तोही अडायचा. पुढे 1970 साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, तेल-वायूचा प्रकल्प आला आणि 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंतच्या लोकलचे आणि शिवडी-चिर्ले अटल सेतूचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. रस्ते वाढले, तशा ओळखीही वाढल्या. पूर्वी लग्नाचे बोलावणे मोहल्ल्यातून आणि चार गावांतून येई. आता पनवेल, तळोजा, मुंब्रा, भिवंडी, अलिबाग अशा सर्व दिशांनी पत्रिका येतात, त्याही मोबाइलवर. बोलावणाऱ्यांचे वर्तुळ मोठे झाले. पण दुकानात पाणी शिरले तर गाठी उचलायला येणाऱ्यांचे वर्तुळ तेवढेच राहिले, किंबहुना लहान झाले.

न मिटणारे खाते

आम्ही कापडवाले. आहेराची चाल आम्हाला आतून ठाऊक आहे. एकच पँटपीस तीन-तीन घरे फिरतो. घडी मोडत नाही, शिंप्याकडे जात नाही. डबा तोच राहतो, वरची नावाची चिठ्ठी तेवढी बदलते. साडीचेही तेच. या मालावर नफा आम्हीच मिळवतो, तेव्हा हे लिहून आम्ही आपल्याच पोटावर पाय देत आहोत. पण खरे ते खरे.

लग्न उरकले की घरात वही काढतात. कोणी किती दिले, कोणी काय आणले, सारे लिहून ठेवतात. पुढे त्याच्या घरी कार्य निघाले की तेवढेच परत द्यायचे नसते, थोडे चढवून द्यायचे असते. मग तोही पुढच्या वेळी चढवतो. व्यापारातले देणे चुकते केले की खाते मिटते. आहेराचे खाते कधी मिटत नाही, उलट प्रत्येक फेडीबरोबर वाढते. गिऱ्हाइकाने असे खाते उघडायला सांगितले तर कोणताही शहाणा दुकानदार त्याला हात जोडील.

हिशेबापुरते धरून चालू की एका दुकानदाराला महिन्याला तीन आमंत्रणे येतात. आहेराचे 500 आणि जाण्यायेण्याचे 300 रुपये धरले, तर महिन्याला 2,400 आणि वर्षाला 28,800 रुपये झाले. शिवाय प्रत्येक वेळी अर्धा दिवस दुकान बंद, म्हणजे वर्षात अठरा दिवस. एवढ्या रकमेत शिंप्याला चांगले मशीन येते, छोट्या कापडवाल्याला ईदपूर्वीचा थोडा जादा माल भरता येतो. ज्याच्या घरी मुलीचे लग्न असते, त्याचा खर्च तर वेगळाच. त्याला मंगनी, हळद, मेंदी आणि जेवणावळ यांसाठी भांडवल मोडावे लागते, आणि मांडव उठल्यावर तो घाऊक व्यापाऱ्याकडे मुदत मागायला जातो. आमच्या आगरी-कोळी शेजाऱ्यांतही हळदीच्या खर्चाची हीच ओरड ऐकू येते. दुखणे एका जमातीचे नाही.

मदिनेचा बाजार

कोणी म्हणेल, बिरादरी सोडून माणूस जगेल कसा? आमचे म्हणणे बिरादरी सोडण्याचे नाहीच. हिजरतनंतर मदिनेत मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडला गेला. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुवा दिली आणि एवढेच विचारले, की बाजार कोठे आहे? पनीर आणि तूप विकून त्यांनी आपला धंदा उभा केला. पुढे त्यांनी निकाह केला तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांना बोलावणेही नव्हते. कपड्यावरचा सुगंधी पिवळा डाग पाहून आपण (स.) विचारपूस केली, तेव्हा निकाह झाल्याचे कळले. रुसवा नाही, तक्रार नाही. दुवा दिली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करायला सांगितले.

या हकीकतीचा एकच भाग वाझमध्ये नेहमी ऐकू येतो. दोन्ही भाग एकत्र वाचावेत. देणाऱ्याने अर्धे घर पुढे केले, इतकी ती जमात एकमेकांची होती. आणि लग्नाला न बोलावल्याने कोणाचा मान गेला नाही, इतकी ती मोकळी होती. आपण याचे नेमके उलट केले आहे. बोलावणे चुकले तर वर्षभर अबोला धरतो, आणि त्याच माणसाचे दुकान बसले तर त्याला बाजार दाखवायलाही जात नाही.

त्याच्याही आधीचा मक्केतला हिल्फुल फुजूल पाहा. यमनच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका बड्या असामीने घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा काही घराणी अब्दुल्ला बिन जुदआनच्या घरी जमली. ज्याच्यावर जुलूम होईल त्याच्या बाजूने उभे राहायचे, असा करार झाला. तरुण वयात आपण (स.) त्यात सामील होता, आणि नुबुव्वत मिळाल्यावरही त्या कराराची आठवण आदराने काढली. हा करार एका धर्माच्या माणसांचा नव्हता, एका कामासाठी होता. बाजारपेठेत शेजारी मारवाडी असेल, आगरी असेल, कोळी असेल, उधारी बुडवणारा सर्वांचा सारखाच. तेव्हा आधाराचे वर्तुळ आपल्याच आडनावांत शोधले पाहिजे असे नाही.

उरणला हे नवे नाही. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात या तालुक्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. एका मागणीसाठी जमलेली माणसे किती भक्कम उभी राहतात, हे या भूमीने पाहिले आहे.

मिटणारे खाते

म्हणून आमची सूचना अशी, की घरात आहेराची वही असते तशी दुकानात मदतीची वही असावी. दहा-बारा दुकानदार किंवा कारागीर पुरेत. काम एकच ठरवावे. कोणी मिळून भिवंडीहून एकाच टेम्पोत माल आणावा. कोणी उधारी बुडवणाऱ्याची खबर एकमेकांना द्यावी. कोणी आजारी पडला तर त्याचे दुकान पाळीपाळीने सांभाळावे.

भिशी ही त्यातली सर्वांत ओळखीची रीत. बारा जणांनी दरमहा 2,000 टाकले तर दर महिन्याला एकाच्या हाती 24,000 रुपये येतात. ना व्याज, ना दलाली. रमजानपूर्वीचा महिना सर्वांनाच हवा असतो, म्हणून चिठ्ठी टाकावी. बैठकीला चहापेक्षा जास्त काही नसावे, नाहीतर तीही दावत होऊन बसते. वर्ष संपले की हिशेब मिटतो, ज्याला राहायचे तो राहतो, ज्याला जायचे तो सलाम करून जातो. चांगल्या सोबतीची आमची कसोटी हीच आहे, की तिच्यातून बाहेर पडताना लाज वाटता कामा नये.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली लिखापढीची. सूरए बकरामधली सर्वांत लांब आयत मुदतीच्या उधारीची लिखापढी आणि साक्षीदार यांबद्दल आहे, हे आपण तिलावत करतो पण दुकानात विसरतो. ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून कागद टाळू नये. 2023 साली उरण तालुक्यातच दामदुपटीच्या आमिषाचे मोठे प्रकरण पोलिसांत गेले. ओळखीवर विश्वास टाकून कित्येकांनी पैसे गुंतवले होते. दुसरी गोष्ट कायद्याची. भिशीचा व्यवहार 1982 च्या चिट फंड कायद्याच्या कक्षेत येतो, तेव्हा जाणकाराला विचारावे. कायमचे काम करायचे तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली रीतसर संस्था नोंदवावी. देवबंदला 1961 साली सुरू झालेल्या मुस्लिम फंडाने दागिने अमानत ठेवून बिनव्याजी कर्ज देण्याची रीत घालून दिली. तो नमुना अभ्यासण्यासारखा आहे.

राहिला प्रश्न आहेराच्या वहीचा. ती एकट्याने बंद करता येत नाही. एकट्याने केली तर लोक कंजूस म्हणतात. दहा घरांनी मिळून केली तर त्यालाच रीत म्हणतात. त्याच दहा-बारा जणांनी ठरवावे, की मय्यत आणि आजारपण कधी चुकवायचे नाही. निकाहला मशिदीत हजर राहून दुवा द्यायची, जेवणावळीला गेलेच पाहिजे असे नाही. आहेर सर्वांना एकच, ठरलेला, गरिबाला कमी नाही आणि श्रीमंताला चढता नाही. कापड द्यायचेच तर शिवून अंगावर घालता येईल असे द्यावे, कपाटात फिरते ठेवण्यासाठी नव्हे. जमातीच्या बुजुर्गांनी आणि खतीब साहेबांनी यात पुढाकार घेतला तर काम हलके होईल.

लग्नसराई तोंडावर आली की या गोष्टी बोलायला कोणाला फुरसत नसते. म्हणून त्या आधीच बोलाव्यात. येत्या जुम्याला नमाजनंतर बाजारातले पाच-सात जण जमले, आणि घरटी वर्षाला आहेरात किती गेले व अडचणीत किती मिळाले याची बेरीज शेजारी शेजारी मांडली, तरी पुष्कळ झाले. आकडे पाहिल्यावर पुढचे सांगायला आमची गरज लागणार नाही.