घरची टेप, रुंद पडद्यावर

आज एका घरगुती कामाविषयी बोलू. बारसं, मुंज, पहिला वाढदिवस, उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा, हे सगळं आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात मिनीडीव्ही टेपांवर पडून आहे. त्याची डीव्हीडी करून रुंद टीव्हीवर लावली, की कुणी फुगलेलं दिसतं, कुणी काडीसारखं बारीक. असं का होतं?

जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ आकाराचा, नव्याचा १६:९. पण अमेरिकेतला मिनीडीव्ही कॅमेरा दोन्ही आकारांचं चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांतच साठवतो. रुंद चित्र आडवं दाबून त्याच चौकटीत बसवतो आणि सोबत एक खूण ठेवतो, की दाखवताना हे रुंद करा. ही खूण वाटेत हरवली, तर माणसं उंच आणि बारीक दिसतात. उलट ४:३ चित्र टीव्हीनं उगाच ताणलं, तर सगळे जाड दिसतात. म्हणजे चेहरे पाहूनच चूक कुठे आहे ते कळतं.

आता कृती. कॅमेरा फायरवायरच्या केबलनं संगणकाला जोडा आणि टेप उतरवून घ्या. तासाभराच्या टेपेला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. मग तीन ठिकाणी १६:९ निवडलंय ना, ते पाहा: उतरवलेल्या चित्रणाला, संपादनाच्या प्रोजेक्टला आणि डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रॅमला. शेवटी डीव्हीडी प्लेयरच्या सेटिंगमध्येही टीव्हीचा आकार १६:९ हवा.

जुन्या ४:३ टेपांचं काय? त्या ताणू नका. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या, चित्र पूर्ण दिसेल. पडदा भरायचाच असेल, तर वरून-खालून मिळून चौथा हिस्सा कापावा लागतो. त्यात नेमकी वरची डोकी जातात, नाहीतर खाली ठेवलेला पाळणा.

साध्या ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर एक तासाचं चित्रण उत्तम बसतं. दोन तास कोंबले तर चित्र जरा मळकट होतं, विशेषतः नाचगाणं आणि पळणारी मुलं. म्हणून एका टेपेची एक डिस्क हा हिशेब सोपा. इतर प्लेयरवर चालावी म्हणून डिस्क शेवटी 'फायनलाइझ' करायला विसरू नका.

भारतात पाठवायची असेल, तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेत एनटीएससी पद्धत, भारतात पाल. भारतातले बहुतेक प्लेयर दोन्ही चालवतात, पण तिकडून आलेली पाल डिस्क इथल्या प्लेयरवर अनेकदा चालत नाही. ती संगणकावर लावून पाहा. घरी केलेल्या डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, त्यामुळे ती काळजी नको. आधी एकच डिस्क करून तिकडे पाठवा. ती चालली, की मग काका, मामा, आत्या सगळ्यांसाठी प्रती काढा.

डीव्हीडी झाली म्हणून टेप फेकू नका. डीव्हीडीवर जाताना चित्र आणखी दाबलं जातं, त्यामुळे मूळ दर्जा टेपेतच राहतो. संगणकावर उतरवलेली फाइलही वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. घरी लिहिलेल्या डिस्क कायम टिकत नाहीत. त्यांवर कागदी लेबलं चिकटवू नका, डिस्कसाठीच्या पेननं तारीख आणि नावं लिहा.

आणि सुरुवात कुठून करायची? लग्नाच्या टेपेपासून नको. लग्नाच्या प्रती बहुधा दोन-चार घरांत असतात. ज्या टेपेत आज आपल्यात नसलेल्या माणसाचा आवाज आहे आणि जिची दुसरी प्रत कुठेच नाही, ती आधी काढा. टेपा जुन्या होतायत आणि त्या चालवणारे कॅमेरेही बिघडतायत. या शनिवारी एक टेप उतरवा, पुढच्या शनिवारी दुसरी.