ईस्टरच्या रात्रीपर्यंत

नांदेड-लातूरकडे कुणी ‘आम्ही ख्रिस्ती’ म्हणालं, तर ते कुटुंब कॅथलिक असेलच असं नाही. निजामाच्या राज्यात बीदर हे मेथडिस्ट मिशनचं ठाणं होतं आणि उदगीर तिथून फार लांब नाही. या भागात कॅथलिक थोडेच. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातही कॅथलिकांची दाट वस्ती मुंबई-वसईकडे. मराठवाड्यासाठी औरंगाबादचा धर्मप्रांत झाला तो १९७७ साली, अमरावतीतून वेगळा होऊन.

अशा ठिकाणी एखाद्या प्रौढ माणसाला कॅथलिक व्हावंसं वाटलं, तर पुढे काय होतं? लोकांची समजूत अशी की अर्ज द्यायचा, डोक्यावर पाणी घ्यायचं, झालं. प्रत्यक्षात चर्च त्याला थांबवतं. सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्याआधी दीर्घ तयारीचा काळ असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो पुन्हा सुरू केला आणि १९७२मध्ये त्याचा विधी रोममधून प्रसिद्ध झाला. आधी नुसत्या भेटीगाठी आणि प्रश्न. मग मंडळींसमोर त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि तो दीक्षार्थी होतो. पुढे शिकवण, प्रार्थना, रविवारची उपासना. यात वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशप त्याची निवड जाहीर करतात, म्हणजे त्याच ईस्टरला दीक्षा.

ती रात्र पाहण्यासारखी असते. चर्चबाहेर अग्नी पेटवतात. मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, चालू वर्षाचे चार आकडे आणि ग्रीक वर्णमालेतलं पहिलं नि शेवटचं अक्षर कोरतात. अंधाऱ्या चर्चमध्ये ती मेणबत्ती आत येते, तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटते. दीक्षार्थी आधी सैतानाचा धिक्कार करतो, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावरची श्रद्धा सगळ्यांसमोर बोलून दाखवतो. तीनदा पाणी, अंगावर पांढरं वस्त्र, कपाळाला सुगंधी तेल, आणि त्याच मिस्सामध्ये पहिल्यांदा ख्रिस्तशरीर. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद असे तीन संस्कार एका रात्रीत.

मेथडिस्ट घरात वाढलेल्या माणसाचं मात्र वेगळं. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला त्याचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं. तो पुन्हा होत नाही. श्रद्धेची घोषणा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एवढंच. मला या नियमात मोठी सभ्यता दिसते. आधीच्या घराने दिलेलं पुसून टाकायचं नाही.

जबरदस्तीबद्दलही चर्चचा कायदा स्पष्ट आहे. १९८३च्या धर्मसंहितेनुसार कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६५मध्येच दबाव आणि आमिष दोन्ही निषिद्ध ठरवली. कुठे असं घडत असेल, तर ते चर्चच्याच आज्ञेविरुद्ध आहे, आणि हे चर्चमधल्या माणसांनी मोठ्या आवाजात सांगायला हवं.

कॅथलिक झालं की मराठी सोडावी लागते, हाही गैरसमज. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचं. आणि जानेवारी २०२०मध्ये लातूरशेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या, तरी संमेलन झालं.

खरी किंमत मोजावी लागते ती तहसील कचेरीत. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, १९५६पासून शिखांना आणि १९९०पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्त्यांना नाही. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. म्हणून किनवटकडचा गोंड ख्रिस्ती झाला तरी कागदोपत्री आदिवासीच राहतो आणि मांग किंवा महार माणूस बाप्तिस्म्याबरोबर अनुसूचित जातीच्या सवलती गमावतो. गावात त्याच्याकडे बघण्याची नजर मात्र तीच. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७मध्ये अनुसूचित जातीच्या दर्जाला धर्माची अट नसावी अशी शिफारस केली. २०२२मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर नवा आयोग नेमला. मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या बापाला मात्र धर्म कोणता लिहायचा या प्रश्नाचं उत्तर आयोगाच्या अहवालाआधीच द्यावं लागतं, आणि ते दोन्हीकडून महागात पडतं.