केमोथेरपी आणि यकृत्संरक्षण : औषध देण्यापूर्वीचा विचार

अलिबाग परिसरातील कर्करोगाचे अनेक रुग्ण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अथवा आपल्याच जिल्ह्यातील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’मध्ये उपचार घेतात. केमोथेरपीच्या दोन आवर्तनांमधील काळात ते घरी परततात आणि एस.जी.पी.टी. वाढल्याचा अहवाल घेऊन वैद्यांकडे येतात. ‘यकृतासाठी काहीतरी द्या’ ही त्यांची मागणी असते. अशा वेळी काय द्यावे यापेक्षा केव्हा देऊ नये, याचा विचार आधी व्हावयास हवा.

मेथोट्रेक्झेट, ६-मर्कॅप्टोप्युरिन आदी औषधे यकृत्पेशींना अपाय करतात. यावर अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा उपयोग होऊ शकतो, यास काही आधार आहे. रक्ताच्या कर्करोगाने पीडित ५० बालकांवरील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात २८ दिवस सिलिमरिनयुक्त वनस्पती दिली असता ५६ व्या दिवशी एस.जी.ओ.टी. तुलनेने कमी आढळले. तथापि डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे काही अंशी मुक्त कणांच्या द्वाराच कर्करोगपेशी नष्ट करतात; तेथे अँटिऑक्सिडंट बाधक ठरण्याची शंका आहे. हरित चहातील ई.जी.सी.जी. हा घटक बॉर्टेझोमिबचे कार्य निष्प्रभ करतो, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले.

गुळवेलीचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कावीळीत गुडूचीचा लाभ १९९३ मध्ये मांडला. त्याच मुंबईतून २०२१ मध्ये गुळवेल सेवनानंतर यकृद्दाह झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश वेल आहे. तिच्या खोडावर दाट गाठी असतात. अस्सल द्रव्याची खात्री करून घेणे हे औषधविक्रेत्यांचेही दायित्व आहे. परंतु द्रव्य अस्सल असले म्हणून वैद्याची दक्षता संपत नाही.

म्हणून वैद्यबंधूंस पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

१. केमोथेरपीतील औषधांची नावे रुग्णाच्या फाइलमधून उतरवून घ्यावीत.

२. औषधापूर्वी आणि प्रत्येक आवर्तनापूर्वी बिलिरुबिन, एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी. यांच्या अहवालांची नोंद ठेवावी.

३. हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी झाली आहे काय, हे पाहावे. केमोथेरपीने हा सुप्त विषाणू उसळतो. तेथे विषाणुरोधक औषधच लागते.

४. एका वेळी एकच द्रव्य योजावे. आरोग्यवर्धिनीत कुटकीसोबत पारद व ताम्रभस्मही असते, याचे विस्मरण होऊ नये.

५. दिलेले औषध, मात्रा व दिनांक कर्करोगतज्ज्ञांस लेखी कळवावेत; त्यांच्या संमतीविना औषध सुरू करू नये.

६. कावीळ दिसताच आपले औषध थांबवून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. केमोथेरपी सोडण्याचा सल्ला मात्र कदापि देऊ नये.

यकृत बिघडल्यास केमोथेरपी लांबते आणि त्या अवधीत रोग बळावू शकतो. आपल्या औषधाने ते आवर्तन वेळेवर पार पडावे, इतके मर्यादित उद्दिष्ट समोर ठेवल्यास रुग्णाचे हित आणि शास्त्राची प्रतिष्ठा दोन्ही जपली जातील.