रद्द झालेलं कलम आणि तळटीप

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर विचारलं, हा बंद कशासाठी? मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पुढे ते प्रकरण बंद झालं, पण त्यात लावलेलं एक कलम देशभर गाजलं: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ.

२००८च्या दुरुस्तीनं आलेल्या या कलमात ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्या मात्र नव्हती. ते ठरायचं पोलीस ठाण्यात. शिवाय कट्ट्यावर किंवा वाचकांच्या पत्रव्यवहारात खपून जाणारं वाक्य मोबाइलवर टाइप केलं की या कलमाखाली येऊ शकत होतं.

श्रेया सिंघल ही तरुणी या कलमाविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. निकालाचा गाभा साधा आहे. एखाद्या विषयावर चर्चा करणं, आपलं मत हिरिरीनं मांडणं आणि लोकांना चिथावणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या कुणाला कितीही झोंबल्या तरी नागरिकाच्या हक्कात मोडतात. बंधनाचा प्रश्न येतो तो तिसरीवर. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये निर्बंधांची कारणं दिली आहेत. कुणाला त्रास होणं, हे त्यात नाही.

याच निकालानं मजकूर ब्लॉक करण्याचे सरकारी अधिकार देणारं कलम ६९-अ मात्र कायम ठेवलं. त्याखालच्या नियमांत गोपनीयतेची तरतूद आहे. त्यामुळे पोस्ट का गायब झाली, हे लिहिणाऱ्याला कळेलच असं नाही. आणि कारणच ठाऊक नसेल तर दाद कशाच्या आधारे मागायची?

६६-अ सुद्धा लगेच संपलं नाही. त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच असल्याचं २०२१ मध्ये ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेनं न्यायालयाच्या निदर्शनास आणलं. कायद्याच्या पुस्तकात तेव्हा कलम तसंच छापलेलं होतं, रद्द झाल्याची नोंद फक्त तळटिपेत, असं ॲटर्नी जनरलनीच सांगितलं. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की, या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

तेव्हा पोस्टवरून ठाण्यात बोलावणं आलं, तर पहिला प्रश्न आपण विचारावा: कोणत्या कलमाखाली? चिथावणी, बदनामी यांसाठी इतर कलमं आहेतच. पण उत्तर ‘६६-अ’ असेल, तर २०१५चा निकाल दाखवायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.