पाहुणे म्हणून की राहायला?

गुढीपाडवा झाला, उन्हाचा चटका वाढला, की जालना जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पलंगाखालच्या मोठ्या बॅगा बाहेर निघतात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टोरांटोजवळ, कुणाचा धाकटा म्युनिकला. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कॅशियर, बियाणे कंपन्यांत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आपल्या बायकोला घेऊन मुंबईच्या गाडीत बसतात आणि दिवाळीच्या सुमारास परत येतात. आता त्यातले काही जण परत यायचे लांबवू लागले आहेत. नातवंडांना कुणीतरी हवे असते, इकडे वाडा रिकामा असतो, आणि फोनवर रोज एकच आग्रह होतो, 'आता इकडेच या.'

या आग्रहापुढे विमानाचे तिकीट फार लवकर निघते. व्हिसा मुलगा पाहतो, विमा सून पाहते, पैशांचे 'होईल काहीतरी' म्हणून राहते. माझे म्हणणे असे की या तीन गोष्टी वेगळ्या नाहीतच. आपण पाहुणे म्हणून चाललो आहोत की राहायला, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तिन्ही अवलंबून आहेत. ते उत्तर घरात स्पष्ट बोलले जात नाही, आणि मग त्रास निस्तरायची वेळ सत्तरी ओलांडलेल्या माणसांवर येते.

अमेरिकेचेच पाहा. आई-वडिलांना मिळणारा पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो. त्यामुळे 'दहा वर्षांचा व्हिसा मिळाला' असे आपण पाहुण्यारावळ्यांत सांगतो. पण तो व्हिसा म्हणजे दहा वर्षे दारावर येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि सहसा सहा महिने देतो. ती तारीख पासपोर्टवरच्या व्हिसात नसते, आगमनाच्या नोंदीत असते आणि ती संगणकावर स्वतः काढून पाहावी लागते. ती उलटून सहा महिन्यांहून जास्त राहिल्यास पुढची तीन वर्षे, आणि वर्षाहून जास्त राहिल्यास दहा वर्षे प्रवेश बंद होऊ शकतो. सुनेचे बाळंतपण लांबले, कुणाची शस्त्रक्रिया ठरली, तर मुदत संपण्याआधी मुक्काम वाढवण्याचा अर्ज करायचा असतो. मुदत संपल्यावर केलेल्या विनवणीला तिथे किंमत नाही. व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर आहे. पूर्वी एकोणऐंशीच्या पुढच्यांना मुलाखतीतून सूट असे. २ सप्टेंबर २०२५ पासून तीही सर्वसाधारणपणे उरलेली नाही, त्यामुळे ऐंशीतल्या आजोबांनाही मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासापर्यंत जावे लागते.

कॅनडाने या बाबतीत जास्त समजूतदारपणा दाखवला आहे. तिथे स्थायिक झालेल्या मुलांच्या आई-वडिलांसाठी 'सुपर व्हिसा' आहे आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत सलग पाच वर्षे राहता येते. अट अशी की निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा आधी दाखवायचा आणि मुलाचे उत्पन्नही ठरलेल्या मर्यादेवर हवे. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस, विमा किमान ३० हजार युरोचा. ऑस्ट्रेलियात पालकांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, पण त्याचे शुल्क हजारो डॉलर.

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की पालकांच्या ग्रीन कार्डाचा विषय निघतो. नागरिकांच्या पालकांना वार्षिक कोट्याची रांग नाही, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो. अडते ते आपल्याकडच्या कागदांवर. ज्यांचे जन्म पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात झाले, तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यात होता. जन्माची नोंद झालीच असेल असे नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकून दिली आणि तीच सेवापुस्तकात, तीच पासपोर्टवर चालत आली. आईच्या बाबतीत गुंता आणखी मोठा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, लग्नात तांदळात लिहिलेले नाव रेशन कार्डावर, सातबाऱ्यावर तिसरेच. परदेशी अधिकाऱ्यासमोर ही तीन माणसे होतात. जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, नातलगांची प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातली नावबदलाची नोंद ही कामे महिनोन्‌महिने चालतात. जायचे पुढच्या वर्षी असले, तरी ती आत्ताच सुरू करावीत.

आता पैसा. सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून जाणारा माणूस परकीय चलनाच्या कायद्याने भारतातलाच रहिवासी राहतो. त्याचे बचत खाते, ठेवी, सगळे जसेच्या तसे. पण ग्रीन कार्ड घेऊन राहायला गेलेला माणूस अनिवासी ठरतो, आणि मग गावातले साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. ते एनआरओ खाते करून घ्यावे लागते. पेन्शन, भाडे, ठेवीचे व्याज त्यात जमा होते. इथे ज्येष्ठांना दोन झटके बसतात. टीडीएस कापू नये म्हणून दर एप्रिलला आपण बँकेत जो फॉर्म भरून देतो, तो अनिवासीला चालत नाही. एनआरओ खात्यातल्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. दुहेरी कर टाळण्यासाठी दोन देशांत झालेल्या कराराचा आधार घेऊन तो कमी करता येतो, पण त्यासाठी कागद द्यावे लागतात. शिवाय ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर बहुतेक बँका अनिवासी खात्याला देत नाहीत. अनिवासीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत किंवा पीपीएफमध्ये नवे खाते काढता येत नाही. त्यामुळे पैसे कुठे ठेवायचे, हा निर्णय निघण्याआधीच घ्यायला हवा. पतसंस्थेत ठेव असेल तर तिचा विचार सर्वात आधी करा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेला ते नाही. मराठवाड्यात अलीकडच्या वर्षांत मल्टिस्टेट पतसंस्था कशा बुडाल्या हे आपण पाहिले आहे. दाराशी बसूनही ते पैसे निघाले नाहीत, साता समुद्रापलीकडून काय निघणार?

एनआरओ खात्यातून कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. जो अजून इथलाच रहिवासी आहे, त्याला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. मुलाला घरासाठी मदत म्हणून पाठवलेले पैसे वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेले, की वरच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधीच गोळा करते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. उलट दिशेने, मुलाने आई-वडिलांना पाठवलेल्या पैशांवर त्यांना आपल्याकडे कर नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाठवणीवर एक टक्का कर लावला तेव्हा गावोगाव घबराट झाली. तो कर रोख किंवा मनीऑर्डरने पाठवणाऱ्यांना आहे, बँक खात्यातून पाठवणाऱ्याला नाही.

एक गोष्ट मात्र फारच कमी लोकांना ठाऊक असते. अमेरिकेत दरवर्षी पाच-साडेपाच महिने राहणारा पाहुणाही तिथल्या करकायद्याने रहिवासी ठरू शकतो. हिशेब असा की या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली, की प्रश्न उभा राहतो. सलग दोन वर्षे १७० दिवस राहिलात तर ती भरते. चालू वर्षात १८३ दिवसांच्या आत असाल, तर आपले घर-संसार भारतातच आहे असा फॉर्म वेळेत भरून यातून सुटता येते. आणि ग्रीन कार्डधारकाच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली, तर त्या खात्यांची माहिती दरवर्षी अमेरिकी सरकारला कळवावी लागते. अंबडच्या शाखेतली निवृत्तीची ठेवही त्यात आली.

पेन्शनचा धागा नोव्हेंबरशी बांधलेला आहे. हयातीचा दाखला नोव्हेंबरात दिला नाही, तर पुढे पेन्शन थांबते. नंतर दाखला दिला की थकबाकीसह मिळते, बुडत नाही. पण परदेशात बसून ते कळले की जीव घाबराघुबरा होतो. मे महिन्यात निघून दिवाळीला परतणाऱ्यांचे हे काम आपोआप होते. जे थांबतात, त्यांनी मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करावे किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याची सही आणावी. त्यासाठी आणि बँकेच्या प्रत्येक ओटीपीसाठी भारतातले सिम जिवंत लागते. नव्वद दिवस वापर नसलेले सिम बंद होऊ शकते. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या.

आपल्या जिल्ह्यात बहुतेक पेन्शनरांची थोडीफार शेती असते, मोसंबीची बाग असते. अनिवासी झालात म्हणून ती जाणार नाही, ठेवता येते. नवीन शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. खरिपात तुम्ही तिकडे असताना इथे ई-पीक पाहणीची मुदत येते. बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून ती नोंद करावी लागते आणि सातबाऱ्यावर पीक लागले नाही तर भरपाई, विमा, हमीभाव या सगळ्याला अडचण. तेव्हा पुतण्याला किंवा बटाईने करणाऱ्याला ते काम नीट सांगून जा. सगळी मालमत्ता एका भाच्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. ठरावीक कामापुरते, ठरावीक मुदतीचे खास मुखत्यारपत्र करावे, आणि ते इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

विम्यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून त्यावर थांबून सांगतो. आपली इथली मेडिक्लेम पॉलिसी सहसा तिकडे चालत नाही. आयुष्मानचे सत्तरीपुढच्यांसाठीचे पाच लाखांचे कार्डही इथल्या रुग्णालयांपुरतेच. पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या विम्यात दोन जाती असतात. स्वस्त जातीत प्रत्येक गोष्टीला वेगळी मर्यादा असते: खोलीचे रोजचे एवढे, शस्त्रक्रियेचे एवढे, तपासणीचे एवढे. वर मोठ्या अक्षरात एक लाख डॉलर लिहिलेले असते, पण अमेरिकेतल्या रुग्णालयाचे बिल त्या छोट्या मर्यादांच्या कितीतरी पुढे जाते आणि फरक मुलाच्या खिशातून जातो. महागड्या जातीत ठरावीक रक्कम आधी आपण भरली की उरलेल्याचा मोठा वाटा कंपनी उचलते. साठीच्या पुढे ही दुसरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण खरी मेख जुन्या दुखण्यांची आहे. रक्तदाब आणि साखर आपल्याकडे घरटी एकाला असते. पाहुण्यांचा विमा या जुन्या आजारांचे नेहमीचे उपचार देत नाही. देतो तो फक्त अचानक उद्भवलेला झटका, तोही डॉक्टरने आधी इशारा दिलेला नसेल आणि चोवीस तासांत उपचार घेतले असतील तर. बऱ्याच योजनांत सत्तरीनंतर हीही सोय आटते किंवा जाते. म्हणून तो कागद मुलाने वाचला एवढ्यावर थांबू नका. 'आधीपासूनचे आजार' हा परिच्छेद त्याला फोनवर मराठीत वाचून दाखवायला सांगा. अर्जात साखर लपवू नका. इथल्या डॉक्टरकडून औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि पुरेल इतकी औषधे हातातल्या बॅगेत ठेवा.

तिकडे राहायला गेलेल्यांना वाटते की पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळेलच. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय ते घेता येत नाही, आणि तिथे नोकरीच केलेली नसल्याने त्याचा हप्ताही पूर्ण भरावा लागतो. तोवर खासगी विमा. याच काळात इथली पॉलिसी 'आता काय उपयोग' म्हणून बंद करण्याची चूक होते. करू नका. परत आल्यावर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. चालू ठेवलेल्या पॉलिसीत ती वर्षे आधीच भरलेली असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे, त्यामुळे हप्ता पूर्वीइतका टोचत नाही.

जिल्हा कोषागार, बँकांच्या मुख्य शाखा आणि पेन्शनर संघटना यांना एक विनंती. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जालन्यात एक दिवसाचे शिबिर भरवा. हयातीचा दाखला, खात्याचे एनआरओ करणे, सिम, मुखत्यारपत्र, विम्याचे कागद, सगळे एका छताखाली मराठीत समजावून सांगणारी माणसे बसवा. माणसे त्यानंतर लगेच निघू लागतात.