एकाच सूत्राचे दोन मालक

दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. एवढ्याच ऐवजातून ७८ अंशांना उकळणारं इथेनॉलही बनतं आणि डायमिथाइल ईथर नावाचा वायूही. मग ओळखायचं कसं? अवरक्त वर्णपटात इथेनॉलचा ओ-एच बंध ३३०० सेमी⁻¹ च्या आसपास रुंद खळगा पाडतो. ईथर तिथे गप्प. एनएमआर (न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स) त्याहून चोख! चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक हायड्रोजनच्या संकेताची जागा त्याच्या शेजारानुसार बदलते. ईथरचे सहाही सारखे, म्हणून शिखर एकच. इथेनॉलचे तीन गट, क्षेत्रफळं ३:२:१. इथेनॉलचा हा गाजलेला एनएमआर आलेख १९५१ मध्ये स्टॅनफर्डहून अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी प्रसिद्ध केला. यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआर संशोधन उभं केलं.